रिव्हेरा, मारियानो

(२९ नोव्हेंबर १९६९ –        ). अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमधील ख्यातनाम बदली गोलंदाज. जन्म मध्य अमेरिकेतील पनामा या देशाच्या राजधानीत, पनामा सिटी येथे. १९९५ ते २०१३ या एकोणीस हंगामांत तो न्यूयॉर्क यँकीज या एकाच संघाकडून मेजर लीग स्पर्धेत खेळला. या काळात त्याने आपल्या संघाची आघाडी ६५२ सामन्यांत अखेरपर्यंत राखली. हा त्या स्पर्धेतील उच्चांक असून २०२५ च्या हंगामाअखेर तो अबाधित होता. २०१९ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ या बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. मतदान करणाऱ्या सर्व ४२५ क्रीडालेखकांनी त्याच्या नावास संमती दिली. असे पूर्ण एकमत त्यापूर्वी कोणत्याही खेळाडूच्या वाट्यास आले नव्हते.

याच खेळाडूला १९९० मध्ये करारबद्ध करताना यँकीज संघाने सुमारे अडीच हजार डॉलर एवढीच रक्कम मोजली होती आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत तो संघाच्या हातून जाण्याचे प्रसंग किमान तीनदा आले. खेळाडूचे भवितव्य अगोदर कितपत ओळखता येते, या प्रश्नाच्या दृष्टीने त्याची कारकीर्द विशेष उद्‌बोधक ठरते.

बदली गोलंदाजाचे कार्य : बेसबॉलमध्ये [⟶ बेसबॉल] फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूस ‘पिचर’ म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाजाशी त्याचे साम्य असले, तरी तो कोपर वाकवून चेंडू फेकतो आणि चेंडूचा टप्पा पडत नाही. फेकीच्या जागेपासून फलंदाजासमोरील होम प्लेटपर्यंतचे अंतर सुमारे १८·४४ मी. (६० फूट ६ इंच) असते. सामना सामान्यतः नऊ डावांचा असतो व प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने तीन-तीन फलंदाज बाद होईपर्यंत खेळतात. क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाज बदलतो, तसे येथे घडत नाही. एकच गोलंदाज सलग चेंडू टाकत राहतो आणि सामन्यातून बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे गोलंदाज केव्हा बदलावा, हा संघव्यवस्थापकापुढील मोठा निर्णय असतो.

सामन्याचा प्रारंभ करणाऱ्या गोलंदाजास ‘स्टार्टर’ व त्याच्या जागी मध्येच येणाऱ्यास ‘रिलीफ पिचर’ म्हणजे बदली गोलंदाज म्हणतात. स्टार्टरला एका सामन्यानंतर सामान्यतः चार दिवस विश्रांती मिळते. बदली गोलंदाजास मात्र जवळजवळ रोज तयारीत राहावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम बहुधा उतरत्या वयाच्या किंवा स्टार्टर म्हणून न टिकलेल्या खेळाडूंकडे सोपविले जाई व त्यास फारशी प्रतिष्ठा नव्हती. शिकागोचा क्रीडालेखक जेरोम होल्ट्‌झमन याने राखलेल्या आघाडीची मोजणी करण्याची पद्धत सुचविली आणि १९६९ मध्ये ‘सेव्ह’ या नावाने तिला अधिकृत मान्यता मिळाली. सामना संपविणारा गोलंदाज संघाची निसटती आघाडी राखतो, तेव्हा त्याच्या नावे एक सेव्ह लिहिला जातो. त्याने किमान एक डाव टाकला असून येताना आघाडी तीन धावांहून अधिक नसणे, ही त्यातील नेहमीची अट होय. १९८० नंतरच्या दशकात केवळ शेवटचा, म्हणजे नववा, डाव टाकणारा खास गोलंदाज ठेवण्याची प्रथा रूढ झाली. ओकलंड संघाचा व्यवस्थापक टोनी ला रूसा व गोलंदाज डेनिस एकर्स्ली यांचा त्यात मोठा वाटा होता. अशा गोलंदाजास ‘क्लोजर’ म्हणतात. एका हंगामात त्याच्या वाट्याला साठ-सत्तरच डाव येतात. परंतु ते बहुधा सामन्याचा निकाल ठरविणारे असतात. त्याची चूक सुधारण्यास पुढे डाव उरलेला नसतो.

गुणशोधकांची मोजपट्टी : होतकरू खेळाडू हेरण्यासाठी प्रत्येक संघ ‘स्काउट’ म्हणजे गुणशोधक नेमतो. गोलंदाजाच्या बाबतीत तो चेंडूचा वेग, वळणारे चेंडू, वेगात फसवणारा मंद चेंडू व अचूकता या प्रत्येकास २० ते ८० या मापावर गुण देतो. ५० गुण म्हणजे मेजर लीगमधील सरासरी दर्जा. प्रत्येक अंगास दोन आकडे दिले जातात : एक सध्याचा व दुसरा भविष्यात अपेक्षित असलेला. पहिला आकडा निरीक्षणाचा, तर दुसरा अनुमानाचा असतो. वय, उंची, खांद्यांची रुंदी, फेकीतील सहजता इत्यादींवरून हे अनुमान बांधले जाते.

स्टार्टरला एका सामन्यात त्याच फलंदाजांना दोन-तीन वेळा तोंड द्यावे लागत असल्याने त्याच्याजवळ किमान तीन प्रकारचे चेंडू असावेत, असा संकेत आहे. ज्याच्याजवळ एक किंवा दोनच प्रभावी चेंडू आहेत, किंवा ज्याचे शरीर दीर्घ श्रम सोसणार नाही असे वाटते, त्याच्या अहवालात ‘भावी बदली गोलंदाज’ असा शेरा पडतो. तरुण खेळाडूच्या बाबतीत हा शेरा बहुधा त्याचे मोल कमी करणारा असतो. स्टार्टर म्हणून अपयश येईपर्यंत त्याला स्टार्टर म्हणूनच वाढवावे, हे संघांचे सर्वसाधारण धोरण होय. म्हणूनच बहुतेक नामवंत क्लोजर मुळात दुसऱ्याच कामासाठी निवडले गेले होते, असे दिसते.

पूर्वायुष्य व निवड : रिव्हेराचे बालपण पॅसिफिक किनाऱ्यावरील पोर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावी गेले. वडील मासेमारी नौकेचे कप्तान होते. दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा हातमोजा, झाडाच्या फांदीची बॅट व जाळ्याचे तुकडे चिकटपट्टीने गुंडाळून केलेला चेंडू, अशा साधनांनी तेथील मुले खेळत. शाळा सोडल्यावर तो वडिलांच्या नौकेवर सार्डिन मासे पकडण्याचे काम करू लागला व फावल्या वेळात पनामा ओएस्ते या हौशी संघातून खेळू लागला. त्याची जागा गोलंदाजाची नव्हती. तो ‘शॉर्टस्टॉप’ म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यानचा क्षेत्ररक्षक होता. यँकीज संघाचा गुणशोधक हर्ब रेबर्न याने १९८८ मध्ये त्यास त्या जागी खेळताना पाहिले होते. परंतु त्यात विशेष काही न आढळल्याने त्याचा विचार केला नव्हता.

पुढे एका सामन्यात संघाच्या गोलंदाजाची धुलाई होत असता रिव्हेराने चेंडू हाती घेतला व उत्तम कामगिरी केली. त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ही गोष्ट यँकीजचा स्थानिक गुणशोधक चिको हेरॉन याच्या कानी घातली. त्यानंतर पनामा सिटी येथे रिव्हेराची चाचणी घेण्यात आली व रेबर्नने त्यास पुन्हा पाहिले. गोलंदाजीचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. अंगकाठी सडपातळ, वजन सुमारे ७० किग्रॅ. व चेंडूचा वेग ताशी १३७ ते १४० किमी. होता. मेजर लीगच्या मानाने हा वेग सामान्याहून कमीच. शिवाय वय वीस वर्षांचे होते. लॅटिन अमेरिकन देशांतील मुलांशी सोळा-सतराव्या वर्षीच करार होत असल्याने त्या हिशेबी तो वयस्करच ठरत होता. त्याच्या फेकीतील सहजता, अंगातील चपळाई आणि चेंडूची किंचित हालचाल मात्र रेबर्नच्या नजरेत भरली. १७ फेब्रुवारी १९९० रोजी करार झाला. रडार गनवरील आकड्यापेक्षा फेकीची लय अधिक बोलकी ठरू शकते, हे रेबर्नने ओळखले, एवढे श्रेय त्यास द्यावे लागते.

उमेदवारीचा काळ : मेजर लीगपर्यंत पोहोचण्यापूर्वी खेळाडूस मायनर लीगच्या चढत्या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. इंग्रजीचा गंध नसलेला रिव्हेरा १९९० मध्ये फ्लॉरिडातील सर्वांत खालच्या पायरीवर दाखल झाला. तेथे ५२ डावांत त्याने स्वतःच्या जबाबदारीची केवळ एक धाव दिली, ५८ फलंदाज चेंडू चुकवून बाद केले व अवघ्या सात जणांना चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस बहाल केला. पायरी खालची असल्याने या आकड्यांचे फारसे कौतुक झाले नाही. तथापि त्याचा पुढील सर्वांत स्थिर गुण, म्हणजे अचूकता, त्यांत स्पष्ट दिसतो.

ऑगस्ट १९९२ मध्ये त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडो व फ्लॉरिडा येथील दोन नव्या संघांना जुन्या संघांतील खेळाडू निवडण्याची मुभा मिळाली. प्रत्येक जुन्या संघास काही ठरावीक खेळाडूंची नावे राखून ठेवता येत. यँकीजने रिव्हेराचे नाव राखले नाही. दोन्ही नव्या संघांनीही त्यास घेतले नाही. याच निवडीत सिनसिनॅटीने न राखलेला एक गोलंदाज फ्लॉरिडाने उचलला. त्याचे नाव ट्रेव्हर हॉफमन. तोही मूळचा शॉर्टस्टॉप होता. पुढे ६०१ सेव्ह नोंदवून तो या प्रकारात सर्वोच्च स्थानी पोहोचला आणि त्याचा उच्चांक २०११ मध्ये रिव्हेरानेच मोडला. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वाधिक सेव्ह मिळविणारे दोघेही गोलंदाज अशा रीतीने एकाच वर्षी, एकाच निवडीत, त्यांच्या संघांनी न राखलेल्या खेळाडूंत मोडत होते.

२३ मे १९९५ रोजी रिव्हेराने मेजर लीगमध्ये स्टार्टर म्हणून पदार्पण केले. कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्धच्या या सामन्यात चार डावही पूर्ण न करता त्याने पाच धावा दिल्या. जूनमध्ये त्यास पुन्हा खालच्या संघात धाडण्यात आले आणि डेट्रॉइटच्या डेव्हिड वेल्सच्या मोबदल्यात त्याला देऊन टाकण्याची बोलणी सुरू झाली. त्याच सुमारास, दुखऱ्या खांद्यास मिळालेल्या विश्रांतीनंतर, त्याच्या चेंडूचा वेग ताशी सुमारे १५३ किमी.वर गेला. स्वतः रिव्हेराने या वाढीचे श्रेय ईश्वरास दिले आहे. संघाचा सरव्यवस्थापक जीन मायकेल याने या आकड्याची दुसऱ्या गुणशोधकाकडून खातरजमा करून घेतली व बोलणी थांबविली. ४ जुलै रोजी शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध आठ डावांत ११ फलंदाज चेंडू चुकवून बाद करून रिव्हेराने त्या निर्णयाची यथार्थता दाखविली. तरीही १९९६ च्या हंगामापूर्वी सिअ‍ॅटलच्या एका क्षेत्ररक्षकाच्या बदल्यात त्याला देण्याचा विचार पुन्हा झालाच. तोही प्रत्यक्षात आला नाही.

क्लोजर म्हणून कारकीर्द : स्टार्टर म्हणून १९९५ मध्ये खेळलेले दहा सामने हेच त्याचे त्या भूमिकेतील पहिले व अखेरचे सामने ठरले. १९९६ मध्ये क्लोजर जॉन वेटलँड याच्या अगोदरचे डाव त्याच्याकडे सोपविण्यात आले. १०७ २/३ डावांत त्याने १३० फलंदाज चेंडू चुकवून बाद केले व यँकीजने अठरा वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. वेटलँड संघ सोडून गेल्यावर १९९७ पासून रिव्हेरा क्लोजर झाला.

ज्या चेंडूने त्याचे नाव अजरामर केले, तो त्याला याच वर्षी सापडला. जून १९९७ मध्ये संघसहकारी रामिरो मेंडोसा याच्याशी सरावादाखल झेलाझेली करत असता त्याचा सरळ चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप बाजूला सरकू लागला. प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर याने व त्याने ही ‘खोड’ घालविण्याचा प्रयत्न काही काळ केला. ती जाईना, तेव्हा तीच आपलीशी केली. या चेंडूस ‘कटर’ म्हणतात. चेंडूवरील बोटांची पकड केंद्रापासून किंचित सरकवून मधल्या बोटाने दाब दिल्यास चेंडूस तिरपी फिरकी मिळते. तो सरळ वेगवान चेंडूसारखाच दिसतो, परंतु फलंदाजाजवळ पोहोचताना काही इंच आडवा सरकतो. ताशी १५० किमी. वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात पोहोचत असल्याने हा बदल ओळखून बॅट वळविण्यास अवधीच उरत नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्या रिव्हेराचा कटर डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीकडे घुसे, चेंडू बॅटच्या बारीक भागावर बसे व बॅट मोडे. एरवी उजव्या हाताच्या गोलंदाजाविरुद्ध डावखुऱ्यांना लाभ मिळतो. रिव्हेरापुढे मात्र त्यांची कामगिरी उजव्या फलंदाजांहूनही किंचित कमी राहिली. २०१३ मध्ये मिनेसोटा संघाने त्याच्या निरोपानिमित्त मोडक्या बॅटींपासून बनविलेली आरामखुर्ची त्यास भेट दिली. पुढील सोळा वर्षे त्याने मुख्यतः हाच एक चेंडू टाकला आणि तो येणार हे फलंदाजांनाही ठाऊक असे.

नियमित हंगामांतील १,११५ सामन्यांत त्याने १,२८३ २/३ डाव टाकले. प्रत्येक नऊ डावांमागे स्वतःच्या जबाबदारीच्या धावांची त्याची सरासरी २·२१ होती. अंतिम टप्प्यातील सामने अधिक बलाढ्य संघांशी होतात. त्यांत ही सरासरी ०·७० वर उतरली आणि १४१ डावांत केवळ दोन होम रन त्याच्या चेंडूंवर गेले. १९९६, १९९८, १९९९, २००० व २००९ अशा पाच वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या संघांत तो होता. १९९९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. ५३ सेव्ह हा त्याचा एका हंगामातील उच्चांक २००४ मधील होय.

अपयशाचे प्रसंग थोडे, पण ठळक आहेत. १९९७ मध्ये क्लीव्हलंडच्या सँडी अलोमारने त्याच्या चेंडूवर होम रन मारून बरोबरी साधली व यँकीजचे आव्हान पुढे संपुष्टात आले. ४ नोव्हेंबर २००१ रोजी वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात २–१ अशी आघाडी त्याच्या हाती आली होती. त्याची स्वतःची एक फेक चुकली आणि अखेर अ‍ॅरिझोनाच्या लुइस गोन्सालेसचा मोडक्या बॅटीचा उंच फटका क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पडून सामना गेला. कटरने आपले काम केले होते. केवळ चेंडू जेथे पडला, तेथे कोणी नव्हते. २००४ मध्ये बॉस्टनविरुद्ध तीन सामन्यांची आघाडी असताना चौथ्या सामन्यात तो एका धावेची आघाडी राखू शकला नाही व बॉस्टनने पुढील सर्व सामने जिंकले. प्रत्येक अपयशानंतरच्या हंगामात त्याची कामगिरी पूर्ववत राहिली. क्लोजरच्या कामास लागणारा हा मनाचा तोल कोणत्याही मोजपट्टीवर नोंदला जात नाही.

मे २०१२ मध्ये कॅन्सस सिटी येथे सरावात झेल घेताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ही दुखापत कारकीर्द संपविणारी वाटली. परंतु २०१३ मध्ये परतून त्याने ४४ सेव्ह मिळविले. २६ सप्टेंबर २०१३ रोजी अखेरच्या सामन्यात त्याला बाहेर नेण्यासाठी व्यवस्थापकाऐवजी डेरेक जीटर व अँडी पेटिट हे त्याचे जुने सहकारी मैदानात आले. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारे खुली करणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांनी निवृत्त केला होता. तो आधीपासून वापरणाऱ्यांना सवलत असल्याने हा क्रमांक नियमितपणे धारण करणारा रिव्हेरा अखेरचा खेळाडू ठरला.

मूल्यमापन : रिव्हेराच्या उदाहरणावरून गुणशोधकांचे अनुमान सर्वस्वी चुकले, असा निष्कर्ष काढणे उचित नाही. १९९० मध्ये तेवढ्याच रकमेवर करारबद्ध झालेल्या बहुसंख्य मुलांना मेजर लीगचे मैदान कधीच दिसले नाही. अडीच हजार डॉलर ही त्या संभाव्यतेची किंमत होती आणि संभाव्यता म्हणून ती वाजवीच होती. त्याच्या यशाचे दोन आधार, म्हणजे वाढलेला वेग व कटर, त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. एक पंचविसाव्या वर्षी आला, दुसरा सत्ताविसाव्या. अस्तित्वात होती ती सहज व प्रत्येक वेळी तशीच होणारी फेक. तिच्यामुळेच पुढे आलेले दोन्ही गुण तो इतकी वर्षे टिकवू शकला.

याउलट, मुख्यतः वेग पाहून केलेल्या निवडीचे उदाहरण भारतात आढळते. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या नावाने भारतात घेतलेल्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल या भालाफेकपटूंची निवड झाली व पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळविणारे हे पहिले भारतीय होत. रिंकू सिंगने मायनर लीगमध्ये बदली गोलंदाज म्हणून काही हंगाम आश्वासक कामगिरी केली; तथापि दुखापतींमुळे त्यास मेजर लीगपर्यंत जाता आले नाही. बाहूत ताकद होती. ती खेळात मुरण्यास लागणारी वर्षे व निरोगी कोपर यांची जोड मिळाली नाही.

संगणकीय यंत्रणांच्या साहाय्याने चेंडूची फिरकी, उंची व आडवी हालचाल आता इंचाइंचाने मोजली जाते आणि पूर्वी योगायोगाने सापडणारा कटर प्रशिक्षणगृहात शिकविला जातो. त्यामुळे बदली गोलंदाजांचा सरासरी वेग वाढला आहे, तसेच कोपराच्या शस्त्रक्रियाही वाढल्या आहेत. रिव्हेराची ६५२ सेव्हची संख्या त्या दृष्टीने पाहिली पाहिजे. तीमध्ये एका चेंडूच्या करामतीइतकाच एकोणीस हंगाम तीच फेक त्याच शांतपणे करीत राहण्याचा वाटा आहे आणि तो कोणत्याही अहवालात आधी लिहिता आला नसता.